काउंट नॉर्मल आहे म्हणून निश्चिंत राहावे का?

परभणीचा लॅब तंत्रज्ञ:
डेंगूच्या दिवसांत आमच्याकडे ‘प्लेटलेट किती?’ एवढेच विचारले जाते. माझे मत असे की, या आकड्याच्या नादात आपण प्लेटलेटवरील जीपी टूबी-थ्रीए हे प्रथिन विसरतो. एकेका प्लेटलेटवर त्याचे सुमारे 80,000 रेणू असतात. इजा झाली की ते उघडतात आणि फायब्रिनोजेन हे रक्तातले प्रथिन धरतात, आणि एकच फायब्रिनोजेन दोन प्लेटलेटना सांधत असल्यामुळे त्यांची गाठ बांधली जाते. हे प्रथिन जन्मतःच नसले किंवा सदोष असले, तर 1918 मध्ये ग्लान्झमान या स्विस बालरोगतज्ज्ञाने वर्णिलेला आजार होतो. अशा मुलीचा घोळणा वारंवार फुटतो, पहिली पाळी थांबता थांबत नाही, आणि रिपोर्टवर प्लेटलेट मात्र 2 लाख 60 हजार, म्हणजे नॉर्मल! दोष आई-वडील दोघांकडून यावा लागतो. म्हणून नात्यातले लग्न आहे का, हे विचारलेच पाहिजे.

लातूरचा डॉक्टर:
असहमत. हा आजार अत्यंत दुर्मिळ आहे, आणि रोजच्या गर्दीत माझा निर्णय काउंट व हिमॅटोक्रिटवरच (रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणावर) होतो. अ‍ॅग्रिगेशनच्या (प्लेटलेट एकमेकींना चिकटण्याच्या) तपासणीसाठी ताजे रक्त आणि वेगळे यंत्र लागते. ते तालुक्याला कुठून आणायचे? शिवाय मामाच्या मुलीशी लग्न केलेल्या बहुतेक जोडप्यांची मुले ठणठणीत असतात, त्यांना उगाच अपराधी का ठरवावे?

परभणीचा लॅब तंत्रज्ञ:
अपराधी कोणीच नाही; प्रश्न विचारणे म्हणजे दोष देणे नव्हे. संशयापुरते यंत्रही लागत नाही. बोटातून थेट काचपट्टीवर घेतलेल्या थेंबात निरोगी माणसाच्या प्लेटलेट पुंजक्यांनी दिसतात, या रुग्णांच्या मात्र सुट्या-सुट्या पडलेल्या असतात. साध्या नळीतले रक्त 37 अंशांवर ठेवले, तर गुठळी तासाभरात आक्रसू लागून सीरम (पिवळसर द्रव) सुटते. या रुग्णांत ती तशीच राहते.

नांदेडची औषधशास्त्र शिक्षिका:
कारण हे प्रथिन नुसता डिंक नव्हे. ते प्लेटलेटच्या आतल्या अ‍ॅक्टिनच्या प्रथिन-धाग्यांशी जोडलेले असते आणि बाहेरची पकड आत कळवते. त्या ओढीनेच गुठळी आवळली जाते. अँजिओप्लास्टीत टिरोफिबान हे औषध देऊन आपण हीच पकड मुद्दाम सोडवतो.

लातूरचा डॉक्टर:
गुठळीचे आक्रसणे काउंट कमी असल्यानेही मंदावते; त्यामुळे आधी काउंटच, हे माझे म्हणणे कायम आहे. काचपट्टी मात्र उद्यापासून पाहीन, कारण निदानाविना वारंवार प्लेटलेट चढवल्या आणि या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या, तर पुढे बाळंतपणात चढवलेली पिशवीही लागू पडत नाही.