पहिल्याच गेमिंग पीसीला एएम५ कशाला? माझं मत एएम४

रानवारा:
चुलतभावाची बारावी झाली, त्याला पहिला पीसी बांधून द्यायचाय, मॉनिटर धरून ६० हजार. ज्याला विचारावं तो म्हणतो एएम५च घे (एएमडीच्या प्रोसेसरचा नवा सॉकेट, म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा), जुना सॉकेट एएम४ संपलं. मला हे अजिबात पटत नाही. एएम५ ला डीडीआर५ शिवाय दुसरी रॅम चालतच नाही, आणि २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी सगळी मेमरी ओढून घेतल्यामुळे रॅमचे भाव कुठल्या कुठे गेलेत, म्हणजे पोराचं अर्धं बजेट बोर्ड आणि रॅममध्येच जाणार आणि ज्याच्यावर गेम चालतो त्या ग्राफिक्स कार्डला पैसे उरणार नाहीत. माझ्याकडे जुन्या पीसीतल्या ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४, म्हणजे आधीच्या पिढीच्या रॅमच्या, स्टिक पडून आहेत. त्या वापरून रायझन ५ ५६०० प्रोसेसर, एएम४ चा बी५५० बोर्ड आणि आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड. १०८०पी ला मस्त चालेल. बोला.

फ्रेमरेट:
दादा, तुझं गणित आजच्यापुरतं बरोबर आहे पण पहिला पीसी घेणारा माणूस पाच-सहा वर्षं तोच वापरतो हे विसरतोयस. एएम४ चे पहिले रायझन २०१७ ला आले आणि त्या वेळी चांगला बोर्ड घेतलेल्यांनी पुढे नुसतं बायोस (बोर्डमधलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ मधला ५८००एक्स३डी प्रोसेसर त्याच बोर्डात बसवला. हा फायदा त्यांना मिळाला कारण ते सॉकेटच्या सुरुवातीला आत शिरले. आता तू शेवटच्या स्टेशनवर चढतोयस. एएम५ २०२२ ला आलं, एएमडीने २०२७ आणि पुढेपर्यंत सपोर्टचा शब्द दिलाय. शिवाय एएम५ च्या रायझन ५ ७६०० मध्ये छोटं का होईना ग्राफिक्स आतच आहे, कार्ड बिघडलं तरी स्क्रीन दिसते. ५६०० ला ते नाही. बजेट कमी असेल तर आज कार्ड हलकं घ्या, दोन वर्षांनी बदला. बोर्ड आणि रॅम बदलायची म्हणजे अख्खा पीसी उसवायचा.

रानवारा:
दोन वर्षांनी बदला हे सांगायला सोपं आहे. पोरगा आता कॉलेजला जाणार, पुढच्या खर्चाला घरचे तयार होतील का? त्याला जे मिळणार ते आत्ताच.

वऱ्हाडी बाणा:
राजेहो, एएम४ घ्या नाहीतर एएम५ घ्या, पण बी४५० या एएम४ च्या जुन्या बोर्डाच्या नादी लागू नका. मी स्वस्तात मिळाला म्हणून बी४५० आणि ५६०० मागवला. सगळं जोडलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. दोन दिवस केबलच बदलत बसलो. शेवटी कळलं की बोर्ड जुन्या स्टॉकचा, त्यातल्या बायोसला हा प्रोसेसर ओळखताच येत नाही, आणि अपडेट करायचं तर आधी ओळखीचा प्रोसेसर पाहिजे. दुकानदार म्हणे सॉकेट एकच आहे, आमची जबाबदारी नाही. मित्राच्या पीसीतला जुना रायझन २६०० काढून आणला, त्याच्यावर बायोस अपडेट केलं, तवा कुठं चालू झाला. सॉकेट एक असणं म्हणजे जुळणं नाही, हे मले तिथं समजलं. बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेलाच बोर्ड घ्या भाऊ, पेनड्राइव्ह लावून प्रोसेसर नसतानाही अपडेट होतं.

घाटावरची:
एक तास झाला सॉकेटवर वाद चाललाय आणि एसएमपीएसचं (पीसीला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय) नाव कोणी घेतलं नाही!! माझं स्पष्ट मत आहे, पहिल्या पीसीत पैसे वाचवायचे तर कुठेही वाचवा, तिथे नको. कॅबिनेटसोबत फुकट येतो तो एसएमपीएस लावून त्यावर गेमिंग कार्ड चढवणारी पोरं मी बघितलीत. आमच्याकडे दिवसातून तीनदा लाइट जाते, व्होल्टेज खालीवर होतं, तिथे भंगार एसएमपीएस गेला की जाताना सोबत बोर्डही घेऊन जातो. ६६०० ला १३२ वॉट पुरतात, चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा भरपूर झाला. आणि मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलचा, घेतलात तर जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला लावू नका, प्लग बसतो पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो, एसएसडी जळते. माझी जळलीय.

फ्रेमरेट:
ताई शंभर टक्के. पण माझा मुद्दा तसाच उभा आहे. आणि रानवारा, तुझा सगळा हिशोब घरात पडलेल्या रॅमवर आहे. ज्याच्याकडे जुनी रॅम नाही त्याला डीडीआर४ पण आता महागच पडते, मग त्याने चढ्या भावात जुन्या सॉकेटची रॅम का घ्यावी?

रानवारा:
हे मान्य. रॅमही विकत घ्यायची असती तर मी इतक्या ठामपणे एएम४ म्हटलं नसतं.

घाटावरची:
एएम५ घेणाऱ्यांसाठी एक, पहिल्यांदा चालू केल्यावर मेमरी ट्रेनिंगमध्ये, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेतो तोवर, स्क्रीन कितीतरी मिनिटं काळी राहते. घाबरून बटण दाबू नका. चहा करून या.

फ्रेमरेट:
आणि दादा, त्या जुन्या स्टिकवर स्पीड काय लिहिलाय ते बघितलंस का? रायझनला हळू रॅम दिली की फ्रेम पडतात. ३२०० असेल तर मी गप्प बसतो.

रानवारा:
आत्ता कॅबिनेट उघडून बघितलं. २६६६ आहे. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या. थोडे फ्रेम जातील, जाऊ देत, कार्ड हलकं घेतलं तर त्याहून जास्त जातील. शनिवारी त्याला घेऊन लॅमिंग्टन रोडला जातोय. फ्लॅशबॅकवाला बी५५०, बॉक्सवर रायझन ५००० चं स्टिकर बघून. आणि एसएमपीएस ५५० चा, वेगळा.

वऱ्हाडी बाणा:
कॅबिनेटमध्ये कार्डाला किती मिलिमीटर जागा आहे ते लिहून ने.