रंगीत पाम घ्यावा की करड्या पडद्याचा? (चर्चा)

उंबरठा:

माझा भाचा पुण्यात वसतिगृहात राहून शिकतो. एक काम बघायला फोन उघडला की त्याचा तास जातो. म्हणून दिनदर्शिका, कामांची यादी, पत्ते आणि टिपणं एवढंच करणारं, इंटरनेट नसलेलं वेगळं यंत्र त्याला हवंय. जुन्या वस्तूंच्या बाजारात दोन पाम (पाम कंपनीचे तळहातावर मावणारे छोटे संगणक) त्याच्या नजरेत आहेत: १९९९ चा करड्या पडद्याचा पाम व्ही आणि २००० चा पाम थ्रीसी, म्हणजे पामचा पहिला रंगीत. त्याचा ओढा रंगीताकडे आहे. मी त्याला नको म्हणतोय, आणि का ते इथे मांडतो.

पहिलं कारण, रंगाने त्या काळी फारसं काही दिलंच नाही. दोन्हींचा पडदा १६० बाय १६० ठिपक्यांचा. प्रोसेसर त्याच ड्रॅगनबॉल कुळातला, १६ मेगाहर्ट्‌झचा २० झाला. दिनदर्शिका तीच, यादी तीच. २५६ रंग आले, पण "मंगळवारी ११ वाजता दंतवैद्य" ही नोंद रंगात आली म्हणून जास्त कळत नाही. त्या बदल्यात ११५ ग्रॅमचं यंत्र १९३ ग्रॅमचं झालं. पाम व्ही शर्टाच्या खिशात विसरून जाता येतो, थ्रीसी खिसा ओढतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. करडा पडदा खोलीतल्या उजेडावर चालतो, मागचा दिवा फक्त अंधारात लागतो. रंगीत पडद्यात प्रत्येक ठिपका तांबड्या, हिरव्या, निळ्या गाळण्यांत विभागलेला असतो आणि प्रत्येक गाळणी आपल्या रंगाचाच प्रकाश पुढे सोडते. दोन तृतीयांश प्रकाश तिथेच अडतो, त्यामुळे थ्रीसीचा दिवा सतत जळत ठेवावा लागतो. १९९६ चा पहिला पाम, म्हणजे पायलट, दोन ट्रिपल ए सेलवर आठवडेच्या आठवडे चालायचा, चार्जिंग हा विषयच डोक्यात नसायचा. कामं लक्षात ठेवायला घेतलेलं यंत्र स्वतःच एक लक्षात ठेवायचं काम होऊन बसत असेल, तर ते मला पटत नाही.

मीनल_के:

पूर्ण असहमत. मी त्या काळात न्यू जर्सीत होते, आधी करडा पाम वापरला, मग रंगीत, त्यामुळे दोन्ही हाताखालून गेलेत.

करड्या पडद्याचं कौतुक करणाऱ्यांनी तो ट्यूबलाइटखाली बघावा. हिरवट करड्यावर गडद करडी अक्षरं. मीटिंगमध्ये टेबलावर ठेवलेल्या यंत्रावरचं वाचायला मान वाकवावी लागायची. पाम व्हीचा दिवा लावला तर पार्श्वभूमी न उजळता अक्षरंच हिरवी उजळायची, आणि अर्धवट उजेडात तो दिवा असून नसल्यासारखा. भाचा विशीतला असेल, त्याला चालेल. चाळिशी लागलेल्या माणसाला थ्रीसीचं पांढऱ्यावर काळं आणि करड्यावर करडं यांतला फरक सांगावा लागत नाही.

आणि "रंगाने काही दिलं नाही" हे पामच्या मूळ दिनदर्शिकेपुरतं खरं आहे. आम्ही ती वापरतच नव्हतो. पिम्लिको कंपनीची डेटबुक नावाची दिनदर्शिकेच्या प्रोग्रामची मालिका होती (तिचं उत्पन्न गोरिलांच्या संवर्धनासाठी जायचं). तिच्यात प्रत्येक प्रकारच्या नोंदीला रंग देता यायचा. ऑफिस निळं, मुलाची शाळा हिरवी, सासऱ्यांच्या तपासण्या तांबड्या. १६० ठिपक्यांच्या रुंदीत आठवड्याचे सात दिवस बसवले की एका दिवसाला तीन अक्षरंही नीट मावत नाहीत. तिथे शब्दाची जागा रंगच घेतो. गुरुवारी दोन तांबड्या पट्ट्या दिसल्या की गुरुवारी सुट्टी टाकायची, इतकं सरळ. पडदा जितका लहान, तितकी रंगाची गरज जास्त. तुमचं म्हणणं याच्या बरोबर उलटं आहे.

रानवारा:

उन्हाबद्दल कुणीच बोललं नाही.

मी भूजलाच्या कामात होतो. विहिरींच्या पातळ्यांची नोंद बांधावर उभं राहून करायची, एप्रिल-मे महिन्यात, दुपारच्या उन्हात. आमच्याकडे परदेशातून आलेला एक थ्रीसी होता. बाहेर काढला की पडदा जवळजवळ कोरा. टोपीच्या सावलीत धरून, पाठ उन्हाकडे करून आकडा लिहायचा आणि तो बरोबर उमटला का ते झाडाखाली जाऊन तपासायचं. करडा पाम उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसतो, कारण ऊन हाच त्याचा दिवा. ज्याचं काम छपराखाली आहे त्याने रंगीत खुशाल घ्यावा. आमच्यासारख्यांना तो निरुपयोगी होता.

मीनल_के:

रानवारा, थ्रीसीपुरतं मान्य. पण पामचाच २००१ चा एम५०५ रंगीतच होता आणि त्याचा पडदा परावर्ती होता, म्हणजे बाहेरचा उजेड परत फेकणारा, उन्हात छान दिसायचा. म्हणजे दोष रंगाचा नाही, त्या विशिष्ट पडद्याचा.

उंबरठा:

मग एम५०५ घरात कसा दिसायचा तेही सांगा. त्याची सगळ्यात मोठी तक्रार हीच होती, की दिवा लावूनही घरात अंधुक दिसतो. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, जास्त उजळ दिव्याचा एम५१५ काढावा लागला. म्हणजे थ्रीसी घेतला तर ऊन टाळा, एम५०५ घेतला तर घर टाळा. करड्यात ही निवड करावीच लागत नव्हती.

शिवाय रंगाचे आकडे. पामच्या २००२ च्या एम१३० वर पासष्ट हजारांवर रंग दिसतात अशी जाहिरात होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पामने कबूल केलं की आकडा ५८,६२१ आहे. तोही शेजारशेजारच्या ठिपक्यांची मिसळ करून, कारण पडदा मुळात १२ बिटांचा, म्हणजे ४,०९६ रंगांचा होता. त्यावरून कोर्टकचेरीही झाली. दंतवैद्याची वेळ बघायला ४,०९६ रंग तरी कशाला लागतात? रंग विकण्यासाठी होते, वापरण्यासाठी नव्हते.

मीनल_के:

जाहिरात खोटी होती म्हणून रंग निरुपयोगी ठरत नाही. माझ्या आठवड्याला पाच रंग पुरत होते आणि ते पाचही खरे होते.

डॉ_अंतरा:

मी तेव्हा अमेरिकेत रेसिडेन्सी करत होते. आमच्या तुकडीत जवळजवळ प्रत्येकाच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात पाम असायचा, कारण एपोक्रेट्‌स. औषधाचं नाव टाकलं की मात्रा, दुष्परिणाम, दुसऱ्या औषधाशी जमतं की नाही, सगळं क्षणात समोर. त्याआधी हे सगळं खिशात न मावणाऱ्या जाड पुस्तकात होतं. एपोक्रेट्‌स करड्या पडद्यावर अगदी व्यवस्थित चालायचं.

रंगीताची मला धास्ती वाटायची ती वेगळ्या कारणाने. त्या सगळ्या यंत्रांत तुमच्या नोंदी साध्या रॅममध्ये असायच्या. बॅटरी पूर्ण मेली की यंत्र कोरं. नोंदी, टिपणं, औषधांचा कोश, सगळं पुसलं जायचं. माझ्या एका सहकाऱ्याचं रंगीत यंत्र सुट्टीत खणात राहिलं. परत आला तर पहिल्यांदा सुरू केल्यासारखं "इथे टेकवा, तिथे टेकवा" विचारत होतं. माझा सेलवाला पाम रात्री तीन वाजता मरायला लागला तरी वॉर्डात कुठूनतरी दोन ट्रिपल ए सेल मिळायचे. ते मिनिटभरात बदलले की नोंदी शाबूत. ज्यावर रुग्णाची औषधं बघायची, त्या यंत्राबद्दल मला एवढी खात्री हवीच होती.

मीनल_के:

अंतराताई, मुद्दा रास्त आहे, पण तो चार्जिंगवाल्या यंत्रांना लागू होतो, रंगीतांना नाही. उंबरठा ज्याची बाजू घेतायत तो पाम व्हीसुद्धा आतल्या लिथियम बॅटरीवरच चालतो, सेल बदलायची सोय नाही. तो खणात राहिला तरी हेच होईल. आणि रोज पाळण्यात (कम्प्यूटरला जोडलेल्या स्टँडमध्ये) ठेवून हॉटसिंक केलं, म्हणजे नोंदी कम्प्यूटरशी जुळवून घेतल्या, तर सगळं कम्प्यूटरवर असतंच. कोरं झालेलं यंत्र पुन्हा भरायला एक बटण दाबावं लागतं.

डॉ_अंतरा:

घरी असाल तर. छत्तीस तासांच्या ड्यूटीत मध्येच नाही. पाम व्हीबद्दल तुमचं बरोबर आहे, मी तोही घेतला नव्हता.

धुळाक्षरे:

मला इथे आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. रंग आला तेव्हा यंत्राचं कामच बदललं.

पाम थ्रीसी आला त्याच वर्षी कॉम्पॅकचा आयपॅक आला. २०६ मेगाहर्ट्‌झ, ३२ मेगाबाइट मेमरी, २४० बाय ३२० चा रंगीत पडदा, गाणी आणि व्हिडिओ. किंमत ५०० डॉलरच्या आसपास आणि बॅटरी तासांत मोजायची. तिथून शर्यत लागली. सोनीची क्लिए, मग पामचा टंगस्टन, मग झायर ७१ मध्ये कॅमेरा. प्रत्येक पायरीवर यंत्र जास्त काही करत होतं, आणि वहीसारखं उघडून चटकन मिटण्यापासून दूर जात होतं. उंबरठांच्या भाच्याला आज ज्याच्यापासून सुटायचंय, तिकडे नेणारा रस्ता त्या रंगीत पडद्यापासून सुरू होतो असं मला वाटतं. करड्या पडद्यावर फोटो बघायचा मोह होत नाही. ही त्याची उणीव म्हणून सांगितली जाते, मी तिला गुण म्हणतो.

लोकांनाही साधं यंत्र हवं होतं. २००२ मध्ये पामने ९९ डॉलरचा झायर काढला: करडा पडदा, २ मेगाबाइट, मागे दिवासुद्धा नाही. तो धडाक्याने खपला.

मीनल_के:

तो ९९ डॉलरला होता म्हणून खपला! रंगीत ९९ ला दिला असता तर तो खपला नसता का?

आणि भाच्याचा तास रंग खात नाही, जोडणी खाते. थ्रीसीवर कितीही रंग असले तरी त्यावर कुणाचा संदेश येत नाही, खाली ओढलं की नवीन काही उगवत नाही. रंगीत चित्रांची मासिकं आपण वर्षानुवर्षं वाचली, त्यांनी कुणाला बांधून ठेवलं नाही. करड्या पडद्याच्या ब्लॅकबेरीला मात्र लोक रात्री उशाशी घेऊन झोपत होते, कारण तिच्यावर ईमेल यायचे. व्यसन कशामुळे लागतं ते तिथे दिसतं.

धुळाक्षरे:

ब्लॅकबेरीचं उदाहरण चांगलं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण रंगाने किंमत वाढते, आणि त्याने यंत्र कुणाच्या हाती पडतं हे ठरतं, एवढं तरी बघा. आपल्याकडचा सिंप्युटर घ्या. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांची कल्पना. ज्याला इंग्रजी येत नाही अशा माणसाच्या हातात, त्याच्या भाषेत बोलणारं यंत्र द्यायचं. २००४ मध्ये पिकोपेटा आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सने त्याचं अमिडा हे रूप बाजारात आणलं. करड्या पडद्याचं दहा हजारांच्या आत, रंगीत वीस हजारांच्या आसपास. ज्या शेतकऱ्यासाठी हे चाललं होतं त्याला दहाही जड होते. वीस म्हणजे विषयच संपला.

रानवारा:

सिंप्युटरच्या वेळी आम्हाला फार आशा होती. पामवर मराठी लिहायची सोयच नव्हती, गावांची नावं रोमन अक्षरांत लिहून पुढे त्यांचे घोळ निस्तरायचो. आम्हाला रंगाआधी लिपी हवी होती.

तळकोकण:

सगळ्यांचं वाचलं. मी जुनी यंत्रं दुरुस्त करतो, त्यामुळे आज विकत घ्यायचं तर काय, तेवढंच सांगतो.

पाम व्हीचं कवच गोंदाने चिकटवलेलं आहे. आतली बॅटरी पंचवीस वर्षांची, म्हणजे बहुधा मेलेली. बदलायला कवच गरम करून उघडावं लागतं आणि त्यात पडदा तडकू शकतो. थ्रीसी स्क्रू काढून उघडतो, काम सोपं. म्हणजे या दोनच यंत्रांत निवड असेल तर दुरुस्तीच्या बाजूने रंगीत जिंकतो.

पण तिसरा पर्याय आहे, तो कुणीच काढला नाही. थ्रीसीबरोबरच, फेब्रुवारी २००० मध्येच, पामने थ्रीएक्सई आणला होता. तेवढीच ८ मेगाबाइट मेमरी, करडा पडदा, दोन ट्रिपल ए सेल. तेव्हा थ्रीसी ४४९ डॉलरला होता आणि हा २४९ ला. बॅटरी मरण्याचा प्रश्नच नाही, रिमोटमधले सेल काढून घाला. फक्त सेल गळून आतल्या पट्ट्यांना गंज चढलाय का ते बघा. पाळणा सिरियल पोर्टचा आहे, तेव्हा यूएसबीला जोडायची कन्व्हर्टर केबल लागेल. लिनक्सवर जे-पायलट हा पामच्या नोंदी सांभाळणारा प्रोग्राम चालतो, त्याच्याशी सिंक होतो. खाली लिहायच्या चौकोनावर ओरखडे नाहीत ना तेही पाहा, ग्राफिटी, म्हणजे पामची पेनने लिहायची खास अक्षरं, तिथेच लिहायची असते.

आणि भाच्याला आधीच सांगून ठेवा: पाम ओएसमध्ये वर्ष १९०४ पासून सात बिटांत मोजलं जातं. दिनदर्शिका ३१ डिसेंबर २०३१ ला संपते. रंगीत असो की करडा.

उंबरठा:

थ्रीएक्सई डोक्यातच आला नव्हता. अंतराताईंची सेलची अट आणि माझी दिव्याची अट, दोन्ही त्यात बसतात. मीनलताई, तुमचा लहान पडद्यावरच्या रंगाचा मुद्दा मला पटलाय, तरी एका विद्यार्थ्याच्या आठवड्यात पाच प्रकारच्या नोंदी नसतात. तास, परीक्षा, खानावळीचे पैसे. त्याला करडा पुरेल यावर मी ठाम आहे.

मीनल_के:

आज नसतात. नोकरी लागली, घरची जबाबदारी आली की होतील, तेव्हा विचारा त्याला.

थ्रीएक्सई घेणारच असाल तर विकणाऱ्याकडून दोन फोटो मागवा, एक खिडकीपाशी आणि एक रात्री खोलीतल्या दिव्याखाली. विकणारे नेहमी खिडकीपाशीच काढतात. वसतिगृहात तो दिवसा वर्गात असणार आणि यादी लिहायला रात्रीच बसणार. दुसऱ्या फोटोतली अक्षरं त्याला फोन हातभर लांब धरून वाचता आली तरच पैसे द्या.