रियाधला जाताना आईच्या बॅगेत काय नको? फराळ, गोळ्या, सोनं

नाशिकची_लेक:
आई दोन महिन्यांसाठी भावाकडे रियाधला निघालीय. विमान मुंबईहून, मध्ये दुबईत थांबा. सोबत दिवाळीचा फराळ, चिवडा, घरचा काळा मसाला आणि साठ दिवसांच्या गोळ्या: बीपी, शुगर आणि झोपेसाठी क्लोनाझेपाम. दारू आणि डुकराचं मांस नेता येत नाही, एवढं माहीत आहे. आणखी कशावर अडवतात?

गोदाकाठ:
ताई, आधी अनारसे बाहेर काढा. खसखस सौदीत, अमिरातीत, कतारमध्येही बंद आहे. ती अफूच्याच बोंडातली. दाण्यांवर मॉर्फिनचा अंश राहतो, म्हणून तिकडे ती अमली पदार्थांच्या यादीत. भाजली, वाटली, लाडवात मिसळली तरी फरक पडत नाही. डिंकाचे लाडू, करंजीचं सारण आणि काळा मसाला यांत घातली होती का, हे बनवणाऱ्यालाच विचारा. शंका असेल तर तो डबा घरीच राहू द्या.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आणि कापूर तर मुंबईतच काढून घेतील. दोन्ही पटकन पेट घेतात, त्यामुळे ही अडचण विमानाची, सौदीची नव्हे. चिवडा खुशाल न्या.

औषधवाला:
खरी अडचण क्लोनाझेपामची आहे. सौदीत ते नियंत्रित औषध आहे. अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल, प्रेगाबालिन आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही त्यातच येतं. अशा औषधांसाठी निघण्याआधीच सौदी अन्न व औषध प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर परवानगी काढावी लागते. पासपोर्ट, अलीकडची चिठ्ठी आणि डॉक्टरांचा इंग्रजी अहवाल जोडायचा, मंजुरीचा कागद छापून हातातल्या पिशवीत ठेवायचा.

प्रमाण तीस दिवसांचं किंवा मुक्कामापुरतं, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे साठ गोळ्या चालणार नाहीत. उरलेला महिना तिथल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यायचा, भावाला आत्ताच वेळ ठरवायला सांगा. गोळी एकदम बंद मात्र करू नका. अचानक सोडली तर झोप उडते, हातपाय थरथरतात, कधी झटकेही येतात.

बीपी-शुगरच्या गोळ्यांना सहसा चिठ्ठी पुरते. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव हवं, कंपनीचं नाव तिकडे कोणी ओळखेलच असं नाही. आणि सोमवार-मंगळवारचे कप्पे असलेली ती डबी घेऊ नका! सुटी गोळी कसली आहे हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. अख्ख्या पट्ट्याच ठेवा.

आयुर्वेदिक औषधांची लेबलंही वाचा. ‘विजया’ म्हणजे भांग, ‘अहिफेन’ म्हणजे अफू. आसव-अरिष्टांत आंबण्यातून आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, तसं बाटलीवरच छापलेलं असतं. दशमूलारिष्टाची बाटली नकोच.

जुना_नाशिककर:
कोणी ‘आता तिकडे दारू मिळते’ म्हणून इथल्या वाइनची बाटली गळ्यात मारेल, घेऊ नका. २०२४ मध्ये रियाधला दारूचं दुकान उघडलं, ते तेव्हा बिगरमुस्लिम राजनैतिक अधिकाऱ्यांसाठी होतं. प्रवाशाच्या बॅगेतली बाटली आजही गुन्हाच.

सोन्याचं कोणी बोललं नाही. रोख, दागिने आणि मौल्यवान धातू मिळून ६०,००० रियाल किंवा जास्त होत असतील तर घोषणा भरायची. आजचे भाव बघता पाटल्या, बांगड्या आणि मंगळसूत्र मिळून तो आकडा सहज गाठला जातो. घोषणा म्हणजे कर नव्हे, पण न भरता सापडलं तर दंड आहे. एरवी लागतील तेवढेच दागिने अंगावर, बाकी लॉकरमध्ये. देवाच्या मूर्तीही सामानात घालू नका.

दुबईत विमानतळाबाहेर पडू नका. मुंबईत बॅगेला लावलेल्या चिठ्ठीवर थेट रियाध लिहिलंय ना, ते पाहून घ्या. बॅग दुबईत उतरवून घेतली की अमिरातीचे नियम लागू, आणि क्लोनाझेपामची परवानगी तिथे वेगळी काढावी लागते.

नाशिकची_लेक:
अनारसे रद्द. आईचे उपवास असतात, राजगिरा चालेल का?

गोदाकाठ:
चालेल, पण सुटा बांधून देऊ नका. पांढरा बारीक दाणा, दिसायला थेट खसखशीसारखा. इंग्रजी नाव छापलेलं दुकानातलं बंद पाकीट घ्या. नाहीतर सरळ लाह्या किंवा चिक्की.