पावसाळी लाइनचे १७,७०० रुपये

सेक्रेटरी: नमस्कार. आपल्या सोसायटीच्या पावसाळी लाइनचं, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या कामाचं, कोटेशन आलं. ७,२०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ८,४९,६००. ४८ फ्लॅट, म्हणजे प्रत्येकी १७,७००. दोन हप्ते चालतील.

बी-२१: एकदम आकडाच? सभा नाही, काही नाही.

सेक्रेटरी: नोटीस लावतोय. आधी कानावर घातलं.

बी-२१: आम्ही पाचव्या मजल्यावर. आमच्याकडे पाणी शिरत नाही. तळमजल्याचा त्रास मान्य, पण पैसे सगळ्यांनी सारखे का?

ए-२ काकू: दादा, मी लिफ्टमध्ये वर्षातून एकदा बसते, संक्रांतीला तिळगूळ द्यायला. लिफ्टचे पैसे दर महिन्याला भरते. वापरा नाहीतर नका वापरू, खर्च सगळ्यांना समान, असं उपविधीतच आहे. मी कधी विचारलं का, सारखे का म्हणून?

बी-२१: काकू, तुम्हाला उद्देशून नव्हतं.

बी-११: मुळात हे पालिकेचं काम नाही का? टॅक्सच्या बिलात मलप्रवाह सुविधा लाभ कर लावतात ना?

ए-१९ काका: तो सांडपाण्याचा, पावसाच्या पाण्याचा नव्हे. शिवाय गेटबाहेरची रस्त्याची लाइन पालिकेची, गेटच्या आतली आपली. बाहेरचं चेंबर तुंबलं असेल तर तक्रार जरूर करा. मागच्या मेमध्ये मी केली होती, गाडी येऊन उपसून गेली. आतल्याला ते हात लावणार नाहीत.

बी-११: पण २५ सप्टेंबर २०१९ ला पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा भिंती पडल्या, माणसं गेली. तिथेही सोसायट्यांनीच खर्च करायचा का?

ए-१९ काका: तो ओढ्याचा पूर होता. आपल्या शेजारी ओढा कुठाय? आपलं पाणी आपल्याच गच्चीवरून येतं.

ए-१९ काका: सकाळी वॉचमनला घेऊन बी विंगमागचं चेंबर उघडलं. झाकण हलेना, पहार लावावी लागली. आत सहा इंची पाइप, त्यात बदामाची मुळं केरसुणीसारखी पसरलेली. वर दुधाच्या पिशव्या आणि पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्यांनी सोडलेला सिमेंटचा राडारोडा. पण खरी गोम ए विंगकडे आहे. तिथे गच्चीवरून उतरणारे पाइप पावसाळी लाइनला नाहीतच, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेत. बिल्डरने तेव्हाच हात आखडता घेतला असणार. दोन्ही गच्च्या मिळून साधारण ८०० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. तासाभरात ५० मिलिमीटर पडला तर ४०,००० लिटर. आपण विकत घेतो ते १०,००० लिटरचे चार टँकर. त्यातला अर्धा लोंढा ए विंगच्या चेंबरमध्ये जातो. चेंबर भरलं की सगळ्यात खालचं तोंड कुठलं? ए-२ च्या संडासाचं. काकूंच्या घरात येतं ते नुसतं पावसाचं पाणी नाही, वरच्या सगळ्या मजल्यांचं आहे.

ए-१९ काका: आणि बी विंगमध्ये उलटा प्रकार. तीन बाल्कन्यांतल्या वॉशिंग मशीनचा फेस पावसाळी पाइपातून उतरतोय. फ्लॅट नंबर ग्रुपवर टाकत नाही.

बी-१४: 🙏 आमचं एक असेल. प्लंबरचा नंबर द्या.

खजिनदार: पैशांचं बोलतो. समान वाटणी सेवा शुल्काची. दुरुस्ती निधी प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर असतो, वर्षाला किमान ०.७५ टक्के. तसं धरलं तर थ्री बीएचकेला २३,६०० आणि टू बीएचकेला १५,७३३ येतील. काय ते सभेने ठरवावं.

ए-२३: म्हणजे मोठं घर घेतलं हा गुन्हा? गच्ची सगळ्यांची, पाणी सगळ्यांचं, मग सारखंच.

बी-२१: आत्ता सारखंच बरोबर वाटायला लागलं! 😀

बी-५: सिंकिंग फंड कशाला ठेवलाय? मोडा तो.

खजिनदार: रोजच्या कामाला तो मोडता येत नाही. मोठ्या दुरुस्तीला आर्किटेक्टचं पत्र आणि सभेची मंजुरी लागते. पुढे गिलावा आणि रंगही आहे. माझ्या मते हात लावू नये.

ए-१९ काका: एक सुचवतो. ए विंगचे पाइप ड्रेनेजपासून कसेही तोडायचेच आहेत, तर ते पाणी गाळून बोअरला सोडू. खर्च थोडा वाढेल, पण पर्जन्यजल संधारण असेल तर पालिका सर्वसाधारण करात ५ टक्के सूट देते. सोलर किंवा गांडूळखत जोडीला असेल तर १०.

बी-११: सूट मिळवायला खेटे कोण घालणार?

ए-१९ काका: मी. रिटायर माणूस आहे.

बी-२१: काका असतील तर माझी हरकत नाही. पण तीन कोटेशन हवीत.

सेक्रेटरी: दोन आलीत, तिसरं मागवतो. सभा पुढच्या महिन्यात, पहिल्या रविवारी सकाळी १० वाजता, पार्किंगमध्ये.

ए-२ काकू: चालेल. पण या शनिवारी वळीव येणार म्हणतायत. उपसायचा पंप कुणाकडे आहे?

सेक्रेटरी: भाड्याने आणावा लागेल काकू. मागच्या वर्षी आणला होता ना? बिल कुठल्या खात्यातून गेलं, खजिनदार?

खजिनदार: माझ्याकडे नोंद नाही.

ए-२ काकू: नसणार. मी दिले होते.