डेल्टा निवडताना १ आणि ५ येतात कुठून?

प्रश्न
मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असून गणित आणि भौतिकशास्त्र हे माझे विषय आहेत. बारावीपर्यंत सीमा काढायची म्हणजे किंमत घालायची आणि ०/० आले तर अवयव पाडायचे, एवढेच ठाऊक होते. आता क्ष २ कडे जाताना क्ष² ची सीमा ४ आहे हे वर्गात एप्सिलॉन-डेल्टाने सिद्ध केले (म्हणजे कोणताही धन एप्सिलॉन दिला, तरी असा धन डेल्टा दाखवायचा की क्ष २ पासून डेल्टापेक्षा कमी अंतरावर असताना क्ष² हा ४ पासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर राहील), तेव्हा पहिल्याच ओळीत ‘डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉन/५ यांपैकी लहान संख्या’ असे फळ्यावर आले. पुढची आकडेमोड समजते. पण हे आकडे आधीच कसे सुचले, आणि एप्सिलॉन/५ असताना १ कशाला हवा?

उत्तर १
ते आधी सुचत नाहीत. कच्चे काम शेवटाकडून होते आणि वहीत मात्र उलट क्रमाने उतरवले जाते, म्हणून ती हातचलाखी वाटते. आपल्याला |क्ष² − ४|, म्हणजेच |क्ष − २| × |क्ष + २|, आटोक्यात ठेवायचे आहे. पहिला अवयव डेल्टाच्या ताब्यात आहे. दुसरा मात्र क्षबरोबर बदलतो, आणि डेल्टा तर क्ष निवडण्यापूर्वीच ठरायला हवा. म्हणून क्ष हा २ पासून १ पेक्षा कमी अंतरावर राहील असे बंधन घालायचे. मग क्ष १ आणि ३ यांच्या दरम्यान राहतो आणि क्ष + २ हे ५ पेक्षा लहान राहते. बंधन १/२ चे घातले असते, तर ५ च्या जागी ४.५ आले असते.

आता १ गाळून पाहा. एप्सिलॉन १० असेल तर एप्सिलॉन/५ म्हणजे २. क्ष = ३.९ हा त्या टप्प्यात बसतो, पण त्याचा वर्ग १५.२१, म्हणजे ४ पासून तब्बल ११.२१ दूर.

उत्तर २
भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हेच मापनातील त्रुटीच्या भाषेत लवकर पटेल, असे मला वाटते. २ सेंमी बाजूच्या चौरस पत्र्याच्या क्षेत्रफळात ०.१ चौ. सेंमीपेक्षा कमी चूक चालणार असेल, तर बाजू किती अचूक कापावी? डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बाजूबरोबर क्षेत्रफळ बदलण्याचा दर, तिथे ४ आहे, म्हणून प्रात्यक्षिकाच्या वहीत आपण ०.१/४ = ०.०२५ लिहून मोकळे होतो, परंतु २.०२५ चा वर्ग ४.१००६२५ येतो, म्हणजे मर्यादा थोडक्यात ओलांडली जाते. एप्सिलॉन/५ ने मिळणारे ०.०२ मात्र खात्रीने चालते, कारण २.०२ चा वर्ग ४.०८०४ आहे. सर्वांत मोठा डेल्टा शोधा असे व्याख्या म्हणतच नाही, कोणताही एक चालणारा पुरे. (कलनाच्या जनकांपैकी एक असलेल्या लायब्निझचा त्यावरील पहिला लेख १६८४ चा, आणि सीमेची ही व्याख्या जर्मन गणिती वायरश्ट्रासच्या बर्लिनमधील व्याख्यानांतून रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात, तेव्हा आपल्याला पहिल्या आठवड्यात ती अवघड वाटली तर नवल नाही.)

प्रश्नकर्ता
आभारी आहे. याच रीतीने क्ष १/२ कडे जाताना १/क्ष ची सीमा २ आहे हे करून पाहिले, पण १ चे बंधन घातल्यावर गाडी अडली.

उत्तर १
अडणारच, कारण १/२ पासून १ च्या आत शून्यही येते आणि तिथे १/क्ष ला अर्थच नाही. बंधन १/४ चे घाला. मग क्ष १/४ पेक्षा मोठा राहतो, आणि |१/क्ष − २| म्हणजे २|क्ष − १/२| भागिले क्ष, हे ८|क्ष − १/२| पेक्षा मोठे होऊ शकत नाही. डेल्टा म्हणून १/४ आणि एप्सिलॉन/८ यांपैकी लहान संख्या घ्या.