मदत हवी आहे: काका-काकू न्यू जर्सीला परत निघालेत, बॅगा आणि तिकिटाची तारीख (सांगली)

कृष्णाकाठ
मंडळी, जरा घाईत आहे. काका (७४) आणि काकू (६९) २४ जुलैला मुंबईहून न्यूयॉर्कला निघतायत. प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा. हळद, भडंग, मेतकूट, लसणाची चटणी, लोणचं, तासगावचे बेदाणे, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आणि साताऱ्याचे कंदी पेढे द्यायचेत. काय बॅगेत, काय हातात? गोळ्या सहा महिन्यांच्या दिल्या तर चालतील? आणि काकूंना माहेरी शिराळ्यात नागपंचमी करून जायचंय, म्हणून तिकीट २० ऑगस्टवर ढकलायचं म्हणतोय. तारीख बदलायला साधारण किती घेतात? एजंट ताटकळलाय, आजच सांगा.

बॅगभरणी
खोबऱ्याच्या वाट्या आधी बाहेर काढा. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात आणि मुंबईला स्कॅनिंगमध्ये बॅग उघडायला लावतात. हळद, मेतकूट, चटणी मोठ्या बॅगेत. अमेरिकेच्या विमानात ३५० मिलीपेक्षा जास्त पूड हातात असेल तर वेगळी तपासणी होते. लोणचंही मोठ्या बॅगेतच. बरणी नको, जाड पिशवीत भरा, तोंड सील करा, वरून दुसरी पिशवी आणि मग स्टीलचा डबा. बॅग घरी भरताना २२ किलोवर थांबा, घरचा ताणकाटा थोडंफार चुकतोच. ताजा कढीपत्ता, फळं, बिया अजिबात नकोत.

मिरजजंक्शन
पेढे दुधाचे आहेत. खायचं जे काही नेताय ते सगळं तिथे कस्टमला जाहीर करायचं. जाहीर केलं तर फार तर काढून घेतील. लपवलेलं सापडलं तर दंड.

परतीचीवाट
बॅगांचं नंतर बघू. दादा, काका-काकू अमेरिकेत कशावर आहेत? व्हिसा, ग्रीनकार्ड की नागरिकत्व? आणि तिथून निघाले ती नेमकी तारीख?

कृष्णाकाठ
ग्रीनकार्ड आहे दोघांचं, २०३१ पर्यंत मुदत आहे. त्याचा इथे काय संबंध? मी तारीख बदलायचे पैसे विचारतोय. निघाले गेल्या वर्षी १० ऑगस्टला. चार महिन्यांसाठी आले होते, पण काकांच्या गुडघ्याचं निघालं आणि राहिले.

परतीचीवाट
सगळा संबंध तिथेच आहे. तिकीट ढकलू नका. कार्डावर २०३१ लिहिलंय ती कार्डाची मुदत. तेच कार्ड दाखवून परत आत जाता येतं ते गैरहजेरी एक वर्षाच्या आत असेल तर. २० ऑगस्टला निघाले तर वर्ष उलटलेलं असेल आणि विमान कंपनी मुंबईच्या काउंटरवरच अडवू शकते. मग वकिलातीत एसबी-१ (परतणाऱ्या रहिवाशाच्या) व्हिसासाठी डीएस-११७ फॉर्म भरायचा आणि उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे कागदांनिशी दाखवायचं. ऑपरेशन हे कारण मांडता येईल, पंचमी नाही.

वाड्याचीमाडी
एवढं काही नसतं हो. रीएन्ट्री परमिट (जास्त दिवस बाहेर राहून परतायचा परवाना) काढा, दोन वर्षं निवांत.

परतीचीवाट
ते इथून निघत नाही. आय-१३१ अर्ज भरताना माणूस अमेरिकेत हजर लागतो. पुढच्या खेपेला निघण्याआधी जरूर भरा, आता उपयोग नाही.

वाड्याचीमाडी
बरं, पण वर्षातून एकदा तिथे पाय लावला की झालं, हे तरी खरं ना?

परतीचीवाट
तेही अर्धवट आहे. ग्रीनकार्ड तिथे राहण्यासाठी असतं, अधूनमधून जाऊन येण्यासाठी नसतं. १८० दिवसांवर बाहेर राहिलं की अधिकारी खोलात विचारू शकतो: घर कुठे, टॅक्स कुठे भरता, इतके दिवस का थांबलात. म्हणून काकांच्या हातातल्या पिशवीत हे ठेवा: डिस्चार्ज समरी, डॉक्टरांचं 'अमुक तारखेपर्यंत प्रवास टाळावा' असं इंग्रजी पत्र, तिथला मागच्या वर्षीचा टॅक्स रिटर्न, बँक स्टेटमेंट, घरभाड्याचा करार किंवा मुलाच्या घरच्या पत्त्यावर आलेली पत्रं. आणि काकूंना बजावून ठेवा: आय-४०७ नावाचा कागद पुढे आला तर समजल्याशिवाय सही करायची नाही. तो कार्ड स्वखुशीने सोडल्याचा कागद आहे. सही न केल्यास इमिग्रेशन न्यायाधीशापुढे बाजू मांडता येते.

विमान बदलायला कुठे उतरताय? अबू धाबी असेल तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं. मधे वेळ जास्त ठेवा.

फिजिओ_विश्रामबाग
ऑपरेशन नेमकं कधी, एक गुडघा की दोन?

कृष्णाकाठ
२ एप्रिलला, उजवा. काठी घेऊन चालतात. जिने जमत नाहीत.

फिजिओ_विश्रामबाग
म्हणजे २४ जुलैला सोळा आठवडे होतात. लांबच्या प्रवासाला साधारण तीन महिने थांबायला सांगतात, ते झाले. तरी सर्जनना एकदा विचारा आणि पायात गुठळी होऊ नये म्हणून मोजे की गोळी हे त्यांनाच ठरवू द्या. मोजे विकत घेताना पोटरी आणि घोटा टेपने मोजून घ्या, सैल मोज्याचा काही उपयोग नाही. व्हीलचेअर किमान ४८ तास आधी सांगा आणि प्रकार नीट सांगा: जिना चढता येत नाही, म्हणजे डब्ल्यूसीएचएस. नुसतं 'व्हीलचेअर' म्हटलं की बहुधा डब्ल्यूसीएचआर (जिना चढता येणाऱ्यांचा प्रकार) टाकतात आणि विमानाला शिडी लागली तर काका खालीच अडकतात. जागा कडेची, उजवा पाय वाटेच्या बाजूला येईल अशी. आपत्कालीन दाराजवळची मोकळी जागा व्हीलचेअरवाल्यांना देत नाहीत, तिचे पैसे भरू नका. जागे असताना दर तासाला पाऊल वर-खाली वीस वेळा. सांगलीहून गाडीने जाणार असाल तर खंबाटकी घाटाच्या अलीकडे एकदा उतरवून चालवा.

औषधपेटी
सहा महिन्यांच्या गोळ्या नकोत, ९० दिवसांपुरत्या द्या. पाकिटासकट, डब्यात काढून नाही. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, तिथल्या डॉक्टरांना आपले ब्रँड कळत नाहीत. पॅरासिटामॉलला तिथे ॲसिटामिनोफेन म्हणतात. गुडघ्यासाठी निमेसुलाइड दिलं असेल तर काढा, त्याला तिथे मान्यताच नाही. ट्रॅमाडॉल किंवा झोपेची अल्प्राझोलम असेल तर चिठ्ठीशिवाय एक गोळीही नेऊ नका. काकूंना इन्सुलिन आहे का?

कृष्णाकाठ
हो, रात्रीचं.

औषधपेटी
मग ते हातातच. सामानाच्या कप्प्यात गोठलं तर वाया जातं. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, तेव्हा डोस किती वाजता घ्यायचा हे डॉक्टरांकडून घड्याळाच्या वेळेसकट लिहून आणा.

आकडेमोड
एक विचारायचं राहिलं. सांगलीच्या खात्यांत ठेवी किती आहेत? ग्रीनकार्डवाल्याची भारतातली सगळी खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकी फॉर्म) भरावा लागतो. मुदत १५ एप्रिल, आपोआप वाढून १५ ऑक्टोबर. आणि साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं खातं) करून घ्या.

बॅगभरणी
त्यांनी हे विचारलेलंच नाही हो.

आकडेमोड
विचारलं नाही म्हणूनच राहतं.

संगमावरून
घर कुठल्या भागात आहे? मागे कोणी राहणार आहे का?

कृष्णाकाठ
मारुती चौकाजवळ, तळमजला. किल्ली माझ्याकडे.

संगमावरून
मग जाण्याआधी एक दिवस घराला द्या, ऐन पावसाळ्यात बंद राहणार आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं. तुमच्याकडे पाणी रस्त्याने येण्याआधी न्हाणीच्या मोरीतून उलटं येतं. मोरी आणि संडासात वाळूची पिशवी दाबून ठेवा. सिलिंडर भरलेला असला तरी पुरात तरंगतो. रेग्युलेटर काढून, टोपी लावून वरच्या मजल्यावर द्या. इन्व्हर्टरच्या वायरी सोडून बॅटरी माळ्यावर. फ्रिज रिकामा, पुसलेला आणि दार फटीने उघडं. पाणी आलं नाही तरी मोरीच्या जाळीखालचं पाणी सुकून झुरळं वर येतात, म्हणून कुलूप लावताना प्रत्येक जाळीत एक तांब्या पाणी आणि वर दोन चमचे खोबरेल.

कृष्णाकाठ
एजंटला कळवलं, २४ जुलैच. काकूंना समजावलं, पंचमी नाही पण निघण्याआधी दोन दिवस शिराळ्याला नेऊन आणतो. काकांचं डॉक्टरांचं पत्र उद्या सकाळी. विमान दोहावरून आहे, मधे पावणेतीन तास. व्हीलचेअरला पुरतील का?