बेनला जोकरच्या मापाने मोजू नये
आधीच्या चित्रपटातला खलनायक जोकर नसल्यामुळे ‘द डार्क नाइट रायझेस’ हा बॅटमॅनचा चित्रपट फिका पडेल, ही प्रदर्शनापूर्वी व्यक्त झालेली भीती मला पटली नव्हती. हीथ लेजर यांनी २००८ मध्ये साकारलेला जोकर बॅटमॅनच्या तत्त्वांची परीक्षा पाहत होता. या चित्रपटातला खलनायक बेन मात्र बॅटमॅनच्या शरीरावरच घाला घालणारा शत्रू आहे, आणि १९९३ च्या कॉमिक्समध्ये त्याने बॅटमॅनचा पाठीचा कणा मोडला होता हे ज्यांनी वाचले आहे, त्यांना २० जुलै २०१२ या प्रदर्शनाच्या तारखेची ओढ का लागली होती ते सहज कळेल. डिसेंबर २०११ मध्ये आयमॅक्सच्या भव्य पडद्यावर दाखवलेल्या सुरुवातीच्या प्रसंगात मुखवट्याआडचे बेनचे संवाद नीट कळत नसल्याची तक्रार झाली, ती रास्तच होती. माझी खरी उत्सुकता मात्र ब्रूस वेनविषयी, म्हणजे बॅटमॅनच्या मुखवट्यामागच्या माणसाविषयी होती: दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन यांनी २००५ पासून घडवलेला हा माणूस बॅटमॅनपण मागे ठेवून जगू शकेल का?